लॅपटॉपची जाडी कुठे जाते? पातळपणा, वेग आणि किंमत यांचा हिशोब लावायची रीत

गेल्या मे महिन्यात माझ्या टेबलावर एकाच दिवशी दोन लॅपटॉप उघडून ठेवलेले होते. दोन्हींवर प्रोसेसरचं स्टिकर तेच, दोन्हींत १६ जीबी रॅम. एक २३ मिलिमीटर जाडीचा, काळ्या प्लॅस्टिकचा, पावणेदोन किलोचा. दुसरा १५ मिलिमीटरचा, ॲल्युमिनियमचा, सव्वा किलोचा आणि पहिल्यापेक्षा जवळजवळ तीस हजारांनी महाग. दोघे मालक एकमेकांचे मित्र, दोघेही लग्नाचे व्हिडिओ करणारे. एडिट केलेला जो व्हिडिओ जाड मशिनवर वीस मिनिटांत एक्स्पोर्ट होऊन निघायचा, त्यालाच पातळवाल्यावर पस्तीस मिनिटं लागत होती. "पैसे जास्त देले, अन् चालते कमी. हे कसं काय भाऊ?" असा त्या पातळवाल्याचा प्रश्न.

मशीन बिघडलेलं नव्हतं. पंख्यात धूळही फारशी नव्हती. ते जसं बनवलं होतं, तसंच चालत होतं.

मी अकोल्यात लॅपटॉप दुरुस्त करतो, त्यामुळे लॅपटॉप मला बाहेरून कमी आणि आतून जास्त दिसतो. कंपनीने वाचवलेला प्रत्येक मिलिमीटर कुणाच्या तरी खात्यातून वजा झालेला असतो. पंख्याच्या, बॅटरीच्या, कीबोर्डच्या, नाहीतर थेट तुमच्या खिशातून. तो कुणाच्या खात्यातून गेलाय हे दुकानात उभ्या उभ्या ओळखता यावं, एवढ्यासाठी हे लिहितोय.

आधी थोडं मागे जाऊ

जुने लॅपटॉप विटेसारखे का असायचे? त्यांच्या बॅटरीत १८६५० नावाचे गोल सेल असत. मापं नावातच आहेत: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. पेन्सिल सेलच्या थोरल्या भावासारखे दिसतात, कुणी जुनी बॅटरी फोडलेली बघितली असेल तर आठवेल. एकटा सेलच १८ मिलिमीटरचा, मग खोकं त्याहून पातळ होणार कसं? त्यात डीव्हीडी ड्राइव्ह १२.७ किंवा ९.५ मिलिमीटरचा, हार्ड डिस्क ९.५ची.

जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सनी सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. सर्वांत जाड भागी १९.४ मिलिमीटर, कडेला ४ मिलिमीटर, वजन १.३६ किलो. लोकांनी पाकीट पाहिलं. मी मात्र नंतर त्याची यादी वाचली, आणि ती या विषयावरचा पहिला धडा आहे. डीव्हीडी ड्राइव्ह नाही. यूएसबी एकच. २ जीबी रॅम बोर्डावर झाळलेली, म्हणजे पुढे बदलता न येणारी. गोल सेल जाऊन चपट्या पिशवीसारखी बॅटरी आली, ती मालकाला बदलता येत नव्हती. ८० जीबीची हार्ड डिस्क मिनिटाला ४२०० फेऱ्यांची, म्हणजे त्या काळातही संथच. इंटेलला तर या मशिनसाठी प्रोसेसरचं पॅकेज मुद्दाम लहान करून द्यावं लागलं. आणि एवढं सोडून किंमत १७९९ डॉलर!

त्यानंतर पातळपणा स्वस्त होत गेला. ऑक्टोबर २०१० मध्ये ११ इंची एअर ९९९ डॉलरला आला. २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक' ही कल्पना आणली, १४ इंचांपेक्षा लहान स्क्रीनला १८ मिलिमीटर आणि त्याहून मोठ्याला २१ मिलिमीटर अशी जाडीची मर्यादा घातली आणि सुटे भाग बनवणाऱ्यांना बळ मिळावं म्हणून ३० कोटी डॉलरचा निधी उभा केला. आज मध्यम किमतीतही १८ मिलिमीटरचा लॅपटॉप मिळतो, त्यामागे ही सगळी खटपट आहे.

मग शर्यत हाताबाहेर गेली. २०१५ चा १२ इंची मॅकबुक १३.१ मिलिमीटरचा होता. पंखाच नाही, ४.५ वॅटचा प्रोसेसर, हेडफोनचं छिद्र सोडलं तर चार्जिंग धरून एकच पोर्ट, आणि इतका चपटा कीबोर्ड की धुळीचा कण गेला तरी बटण अडायचं. एसरने २०१८ मध्ये ८.९८ मिलिमीटरचा स्विफ्ट ७ दाखवला. त्याच वर्षी १५ इंची मॅकबुक प्रोमध्ये कोअर आय९ बसवला गेला, तो उष्णतेने इतका मंदावायचा की ॲपलला काही दिवसांत सॉफ्टवेअर दुरुस्ती द्यावी लागली. पुढे ॲपलच मागे फिरली. २०१९ चा १६ इंची प्रो १५.५ वरून १६.२ मिलिमीटर झाला, जुन्या पद्धतीचा कीबोर्ड परत आला. २०२१ मध्ये जाडी १६.८ झाली आणि एचडीएमआय पोर्टही परतला. जगातल्या श्रीमंत कंपनीला सव्वा मिलिमीटर परत द्यावा लागला, तर साठ हजारांच्या मशिनमध्ये सगळं एकत्र मिळेल ही आशा आपण सोडून देऊ.

पायरी १: काम किती वेळ सलग चालतं ते मोजा

"काम काय करता?" असं मी गिऱ्हाइकाला विचारत नाही. उत्तर नेहमी "सगळंच" असं येतं. मी विचारतो, पंखा सलग किती वेळ ओरडतो?

एक्सेल, टॅली, ब्राउझर, ऑनलाइन मीटिंग या कामांत प्रोसेसर दोन-चार सेकंद धावतो आणि बसतो. पुन्हा धावतो, पुन्हा बसतो. अशा कामाला पातळ लॅपटॉप अजिबात कमी पडत नाही, कारण थोड्या वेळाची उष्णता प्रोसेसरवरच्या तांब्यात मुरते आणि प्रोसेसर बसला की सावकाश बाहेर जाते. व्हिडिओ एक्स्पोर्ट करणं, थ्री-डी रेंडर, मोठा सॉफ्टवेअर प्रकल्प कंपाइल करणं आणि गेम, ही मात्र धावत राहणारी कामं. तिथे मुरवायला जागा संपते आणि जाडीचा प्रश्न उभा राहतो.

आपल्या आताच्या मशिनवर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा आलेख दिवसभरात अधूनमधून बघा. नुसती टोकं टोकं दिसली तर तुम्ही पहिल्या गटात. पाच मिनिटांहून जास्त सपाट पठार दिसलं, आणि तेही रोज, तर दुसऱ्या. महिन्यातून एकदा पठार दिसतं त्यांनी स्वतःला पहिल्या गटातच धरावं. महिन्यातल्या एका कामासाठी रोज अर्धा किलो जास्त वाहण्यात अर्थ नाही.

पायरी २: नाव वाचू नका, वॅट वाचा

हा मुद्दा कळला तर बाकीचे नाही कळले तरी चालेल.

प्रोसेसर जेवढे वॅट खातो, तेवढ्या सगळ्याची शेवटी उष्णता होते. ती बाहेर टाकता आली नाही तर तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणून लॅपटॉपचा खरा वेग ठरतो तो त्याचं थंड करणारं तंत्र सतत किती वॅट बाहेर काढू शकतं यावर. प्रोसेसरवर कुठलं नाव छापलंय, हे त्यानंतर येतं.

इंटेलचा आय५-१३३५यू घ्या. त्याची मूळ शक्ती १५ वॅट, पण थोड्या वेळासाठी तो ५५ वॅटपर्यंत उडी मारू शकतो. ती उडी किती वेळ टिकवायची आणि नंतर किती वॅटवर स्थिरावायचं, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. हाच प्रोसेसर एका मशिनमध्ये १५ वॅटवर बसतो, दुसऱ्यात २५ वर. स्टिकर दोन्हीकडे तेच. माझ्या टेबलावरच्या त्या दोन मशिनची गोष्ट हीच होती. नावाच्या शेवटी 'यू' असेल तर कमी वॅटचा, 'एच' असेल तर साधारण ४५ वॅटचा, एवढं ढोबळ लक्षात ठेवा. १५ मिलिमीटरच्या स्वस्त बॉडीत 'एच' दिसला की मी हुरळत नाही, उलट जास्त चौकशी करतो.

पातळ बॉडी कमी वॅट का काढते? पंखा जेवढा पातळ, तेवढी त्याची पाती बुटकी आणि हवा कमी. ती कसर भरायला पंखा जोरात फिरवावा लागतो, आणि वेग थोडा वाढवला तरी आवाज बराच वाढतो. शिवाय तळाशी हवा आत घ्यायला फट हवी, तांब्याच्या पट्ट्यांची जाळी उंच हवी. हे सगळं जाडी मागतं. यावर उपाय आहेत, दोन पंखे किंवा साध्या हीट पाईपऐवजी (उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळीऐवजी) रुंद, चपटा व्हेपर चेंबर, पण ते पैसे मागतात.

एक गोष्ट मात्र पातळ लॅपटॉपच्या बाजूने आहे. वॅट अर्धे केले म्हणून वेग अर्धा होत नाही. प्रोसेसरला शेवटचा दहा-पंधरा टक्के वेग गाठायला बेसुमार वीज लागते. तो हट्ट सोडला तर बरंच काम कमी विजेत होतं. म्हणूनच ॲपलच्या स्वतःच्या एम१ प्रोसेसरचा २०२० चा मॅकबुक एअर पंखा नसतानाही सगळ्यांना भावला. त्याची १६.१ मिलिमीटरची बॉडी काही नवी नव्हती. प्रोसेसरच मुळात कमी विजेत काम करणारा होता. तोच एम१ पंख्यासह १३ इंची प्रोमध्येही होता. छोट्या कामांत दोघे बरोबरीने चालत, सलग जड कामात काही मिनिटांनी एअर मागे पडे. पायरी १ चा फरक याहून स्वच्छ कुठे दिसत नाही.

एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसर घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. ७००० मालिकेत तिसरा आकडा बघा. तो आतल्या रचनेची (तिचं नाव झेन) पिढी सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, ७५४०यू म्हणजे झेन ४. पहिल्याला चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग), दुसऱ्याला सहा. दुकानात हे दोन्ही 'रायझन ५, सात हजारवाला' म्हणून शेजारीशेजारी ठेवलेले असतात.

पायरी ३: अकोल्याचा मे महिना वजा करा

चाचण्या होतात त्या एसीच्या खोलीत, २५ अंशांच्या आसपास. ॲपल आपला लॅपटॉप १० ते ३५ अंशांत वापरा असं सांगते. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ ला टेकतो. नागपूर-चंद्रपूरवाल्यांना नव्याने सांगायला नको.

आता साधा हिशोब करा. बहुतेक इंटेल लॅपटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःला आवरतात. खोली २५ अंशांवर असेल तर उष्णतेला बाहेर जायला ७५ अंशांचा उतार मिळतो. खोली ४५ वर गेली की उतार ५५ चा राहतो. म्हणजे तोच पंखा, तेच तांबं, पण क्षमता जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी. चाचणीत जे मशीन ३० वॅट सतत काढतं, ते आमच्या पत्र्याच्या खोलीत २२ वॅटच्या आसपास येतं.

जाड मशिनमध्ये मुळात ऐवज जास्त, तिथे ही घट पोटात जाते. पातळ मशीन आधीच काठावर असतं, त्यात बॉडी हाताला चटका देऊ नये म्हणून कंपनीने आणखी एक लगाम घातलेला असतो. मुंबई-पुण्यात एसी ऑफिसात बसणाऱ्याने हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात एसीशिवाय जड काम करणाऱ्याने मात्र चाचणीतल्या आकड्यांतून पाव भाग वजा करूनच मशिनची तुलना करावी.

पायरी ४: ग्राफिक्स कार्ड हवं असेल तर

इथे नावाची फसवणूक आणखी मोठी. एनव्हिडियाचं लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६० हे घ्या, तो ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवलेला असू शकतो. नाव तेच, वेगात मोठी तफावत. कंपनीच्या साईटवर तपशिलाच्या बारीक अक्षरांत 'टीजीपी', म्हणजे कार्डाला मिळणारे वॅट, शोधा. मशीन हातात असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधल्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये आकडा दिसतो. कमी वॅटचं मोठं नाव घेण्यापेक्षा पुऱ्या वॅटचं लहान नाव घ्या, पैसे वाचतील. आणि चार्जरचं वजन विचारा. अशा मशिनचा चार्जर सहज अर्धा किलोच्या पुढे जातो आणि जाहिरातीतलं वजन तो वगळून असतं.

ज्यांना गेम खेळायचे नाहीत आणि व्हिडिओही क्वचितच करायचा आहे, त्यांनी वेगळं कार्ड घेऊच नये. तेवढ्या पैशात चांगली स्क्रीन येते.

पायरी ५: नंतर काय बदलता येणार नाही ते आधी बघा

एसएसडी (फाइली साठवणारी पट्टी) जवळजवळ सगळीकडे बदलता येते. प्रश्न रॅमचा. स्लॉटमधली रॅम उंची घेते, म्हणून पातळ मशिनमध्ये ती बोर्डावर झाळलेली असते. झाळलेल्या रॅमला वीज कमी लागते, वेग चांगला मिळतो, हेही खरं आहे. कंपनीचं सगळंच काही लबाडीचं नसतं. २०२४ च्या इंटेल कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच आहे, १६ किंवा ३२ जीबी, जी घेतली ती कायमची.

पण "पातळ आहे म्हणून झाळावीच लागली" हे कारण दर वेळी मानू नका. फ्रेमवर्क कंपनीचा १३ इंची लॅपटॉप १५.८५ मिलिमीटरचा आहे आणि त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत. १९-२० मिलिमीटरच्या मशिनमध्ये ८ जीबी झाळून स्लॉट दिला नसेल, तर तिथे जाडी वाचवलेली नसून पैसे वाचवले आहेत. अशा मशिनला मी सरळ नाही म्हणतो. झाळलेलीच घ्यायची तर आज १६ च्या खाली घेऊ नका.

डेमो मशिनवर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर टिचकी मारा. फॉर्म फॅक्टरसमोर 'एसओडीआयएमएम' असेल तर पट्टी स्लॉटमध्ये आहे, 'रो ऑफ चिप्स' असेल तर झाळलेली. स्लॉट किती वापरात हेही तिथेच दिसतं. दोन स्लॉट आणि एकच पट्टी असेल तर पुढे दुसरी टाका. वेगळं कार्ड नसलेल्या मशिनमध्ये ग्राफिक्स रॅममधूनच चालतं, त्यामुळे दोन पट्ट्यांचा फरक डोळ्याला जाणवतो.

पायरी ६: स्वस्त मशिनमध्ये पैसे कुठून काढले ते शोधा

पातळपणा महाग का, हे आतून लगेच समजतं. लहान बोर्डावर सगळं दाटीवाटीने बसवायचं तर बोर्डाला जास्त थर लागतात. बॅटरी त्या मॉडेलच्या मापाने वेगळी बनवावी लागते. प्लॅस्टिकची बॉडी साच्यात सेकंदांत तयार होते, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली बॉडी मशिनवर कितीतरी जास्त वेळ खाते. मग स्वस्त आणि पातळ लॅपटॉप बनवायचा झाला तर तो खर्च दुसरीकडून भरून काढतात. तीन ठिकाणं माझ्या पाठ आहेत.

पहिलं ठिकाण स्क्रीन. '४५ टक्के एनटीएससी, २५० निट्स' असं लिहिलं असेल (पहिला आकडा रंगांचा, दुसरा उजेडाचा) तर ती फिकट स्क्रीन आहे. लाल रंग विटकरी दिसतो आणि खिडकीपाशी बसलं की स्वतःचाच चेहरा जास्त दिसतो. फोटो-व्हिडिओवाल्यांना १०० टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) आणि किमान ३०० निट्स हवेच. प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला तर वर्षभराने आठवणही राहत नाही, पण वाईट स्क्रीन रोज समोर असते.

दुसरं बॅटरी. स्वस्त मशिनमध्ये ४१-४२ वॉट-अवरची बॅटरी असते (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत मावणारी वीज). साध्या कामात मशीन सरासरी ८ वॅट खातं असं धरलं तर सव्वापाच तास, ७० वॉट-अवरची असेल तर पावणेनऊ. 'दिवसभर चालते' असं लिहिलेलं वाचण्यापेक्षा हा भागाकार करा. वरची मर्यादाही ठरलेली आहे. विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९ वर येऊन थांबतात. पातळ मशिनमध्ये बॅटरीभोवती रिकामी जागा नसते, त्यामुळे ती जरा फुगली की टचपॅड वर उचलला जातो. टचपॅड दाबायला जड लागू लागला, तर टचपॅड बदलायला येऊ नका, आधी बॅटरी दाखवा. आणि फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका. कायम चार्जरवर चालणाऱ्या मशिनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर चालू करून टाका.

तिसरं ठिकाण कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. बिजागरी. माझ्या दुकानाचा बराचसा संसार तिच्यावर चालतो. स्वस्त मशिनमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी नटांत बसतात. झाकण एका कोपऱ्याने उघडायची सवय असली की एक नट सुटतो, मग दुसरा, मग एक दिवस बॉडीच उकलते. दुकानात झाकण मधोमध धरून उघडा आणि कोपरे बघा. उघडताना खालची बॉडी फुगते किंवा करकरते का? स्क्रीनच्या मागे दोन बोटांनी हलकं दाबा, चित्रावर लाटा उठतात का? कीबोर्डच्या मधोमध दाबा, तो खाली वाकतो का? पातळ आणि स्वस्त एकत्र आले की ही लक्षणं हमखास दिसतात. पातळच हवा पण पैसे कमी, तर वरचं झाकण आणि कीबोर्डचा भाग तरी धातूचा आहे का ते पाहा.

पोर्टबद्दल दोन ओळी पुरेत. लॅनची (इंटरनेटच्या तारेची) पिन पातळ बॉडीत मावत नाही, म्हणून एकतर ती गायब असते किंवा उघडझाप करणारी नाजूक चिमटी असते. बँकेत, शाळेत, सरकारी कार्यालयात काम असेल तर एचडीएमआय आणि जुनी यूएसबी मशिनवरच हवी. जास्तीच्या पोर्टसाठी जोडायचा हब घरी विसरतो.

पायरी ७: हातात आल्यावर अर्धा तास

दुकानदार एवढी लांब चाचणी करू देत नाहीत, त्यामुळे ही परीक्षा परत करण्याची किंवा बदलून देण्याची मुदत संपायच्या आत घरी घ्या. मुदत किती हे बिल करण्याआधी विचारा.

सिनेबेंच (प्रोसेसरला सलग राबवणारं) आणि एचडब्ल्यूइन्फो (आतले आकडे दाखवणारं) ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. मशीन लाकडी टेबलावर, चार्जर लावून, एसी बंद. सिनेबेंच दहा मिनिटं सलग चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसर पॅकेजची शक्ती बघत राहा. पहिल्या मिनिटात ४०-५० वॅट दिसतील, ते विसरा. आठव्या-नवव्या मिनिटाला जो आकडा स्थिर होतो तो तुमचा खरा लॅपटॉप. नंतर चार्जर काढून पुन्हा चालवा, काही मशिन बॅटरीवर अर्धमेल्या होतात. शेवटी हात लावून बघा. डब्ल्यू, ए, एस, डी बटणांपाशी आणि तळहात टेकतो तिथे किती गरम? तळहाताची जागा गरम असेल तर उन्हाळ्यात त्यावर टाइप करवणार नाही, मग वॅट कितीही मिळोत.

विकत घेतल्यानंतर पश्चात्ताप झालाच, तर एक युक्ती. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ करा. बऱ्याच मशिनवर यामुळे प्रोसेसरची ती वरची उडी बंद होते, वेग थोडा घटतो, पण पंखा शांत होतो आणि बॉडी निवते. काही नव्या मशिनमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. तिथे कंपनीच्या ॲपमध्ये 'सायलेंट' किंवा 'क्वाएट' मोड शोधा.

मग घ्यायचं काय?

परवा एका बी.कॉम.च्या मुलीचे वडील आले होते. कॉलेज, क्लास, एसटी असा तिचा दिवस. पठार शून्य, टोकंच टोकं. मी त्यांना 'यू' प्रोसेसर, झाळलेली चालेल पण १६ जीबी, बॅटरी ५० वॉट-अवरच्या पुढे आणि वजन दीड किलोच्या आत एवढं सांगितलं. शेजारच्याने त्यांना गेमिंग लॅपटॉप सुचवला होता, 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून. पुढे काय, ते अडीच किलो तिलाच वाहायचे होते.

इंजिनिअरिंगच्या मुलांचं उलट होतं. मेकॅनिकलवाला पहिल्या वर्षी पातळ मशीन घेतो, तिसऱ्या वर्षी कॅडने (आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरने) त्याचा घाम निघतो. त्याला मी २२-२४ मिलिमीटरचं, रॅमचे दोन स्लॉट असलेलं, पुऱ्या वॅटच्या छोट्या ग्राफिक्स कार्डाचं मशीन सांगतो. कॉम्प्युटरवाल्याला सहसा कार्ड लागत नाही; त्याने ते पैसे रॅममध्ये घालावेत.

आणि तो लग्नाच्या व्हिडिओवाला. त्याला मी दुरुस्ती काहीच केली नाही, नुसता पंखा पुसून दिला आणि वरचा सगळा हिशोब ऐकवला. पंधरा दिवसांनी त्याने ते पातळ मशीन पुण्यात सीए करणाऱ्या बहिणीला दिलं आणि स्वतः मित्रासारखंच काळं, जाड मशीन सेकंड हँड घेतलं. त्याचं मशीन आता टेबलावरून हलत नाही, चार्जरही तिथेच पडलेला असतो. बहीण म्हणते, या मशिनला पंखा आहे हे तिला अजून माहीतच नव्हतं.